छत्तीस वर्षांतली एक चूक

खोली बघायला गेले तेव्हा आमच्या घरमालकांनी मला पहिला प्रश्न विचारला तो असा, "व्हाइटनर वापरतेस का?"

मी एका शाळेच्या ऑफिसात कारकून आहे हे त्यांना दलालाने आधीच सांगितलेलं असणार. मी आपलं खरं सांगून टाकलं, की वापरते, सगळेच वापरतात. झालं. म्हाताऱ्याने दुखल्यासारखे डोळे मिटले. मग मला समोर उभं करून समजावलं की चूक झाली तर तिच्यावर एक आडवी रेघ मारायची, बाजूला बरोबर काय ते लिहायचं आणि खाली सही करायची. चूक झाकायची नाही. झाकली की ती चूक राहत नाही, लबाडी होते. हे सगळं ऐकून माझा नवरा माझ्याकडे बघायला लागला, की चल इथून. तेवढ्यात आतून काकूंचा आवाज आला, "अहो, तिला खोली हवी आहे, नोकरी नको आहे." आणि खोली मिळाली.

नाशिकरोडच्या त्या घरात आम्ही सहा वर्षं राहिलो. काका तेव्हाच ऐंशीच्या आसपास होते. उंच, वाळकुडे, घरात कायम खाकी हाफपँट आणि वर मात्र पांढराशुभ्र, पूर्ण बाह्यांचा, इस्त्रीचा शर्ट. खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. बाजारात मेथी आणायला निघाले तरी दोन्ही पेनं बरोबर. कुणी विचारलं तर म्हणायचे, निळं आलेल्याला, लाल न आलेल्याला.

देवळ्याकडच्या एका मोठ्या ऊसमळ्यावर ते हजेरी कारकून होते. शेकडो एकरांचा मळा, त्याच्या सात-आठ वाड्या, आणि प्रत्येक वाडीवर दोन-दोनशे मजूर. रोज सकाळी सात वाजता वाडीवरच्या चिंचेखाली मजुरांना उभं करायचं, एकेकाचं नाव पुकारायचं, ओ आली की मस्टरात निळी खूण, नाही आली की लाल. ही लाल खूण म्हणजे खाडा. छत्तीस वर्षं हा माणूस हेच करत होता, आणि सांगताना असं सांगायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, गडी कलेक्टर होता.

खाडा हा शब्द तर त्यांच्या जिभेवरून उतरतच नसे. दूधवाला आला नाही, खाडा. पावसाळ्यात तीन दिवस ऊन दिसलं नाही तर सूर्याचे तीन खाडे. मी चार दिवस माहेरी राहून आले तर दारातच अडवून म्हणाले, तुझे चार खाडे पडले, कारण लिहून दे. मी हसले. त्यांनी खरोखरच कागद पुढे केला. माहेर म्हणजे दोन चौक सोडून, अण्णांकडे. त्यात कारण ते काय लिहायचं? मी लिहिलं, "आईने सांडगे घातले." त्यांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला.

वरच्या मजल्यावर तीन खोल्या होत्या. दोन आमच्याकडे. तिसरीला कुलूप. आमच्या आधीच्या भाडेकरूंनी आणि शेजारपाजारच्या सगळ्यांनी ती खोली मागून बघितली होती, पण काका देत नसत. काकू म्हणायच्या, "माझ्या सवती राहतात तिथं." त्या खोलीत मस्टरं होती. भिंतीला लागून, जमिनीपासून छतापर्यंत, वाडीवार आणि वर्षवार, लाल फडक्यात बांधलेली. मळा बंद झाला तेव्हा ती रद्दीत निघाली होती. काकांना रिटायर होऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. बातमी कळताच ते एसटीने गेले, साहेबापुढे अर्ज ठेवला, सही-शिक्क्याची परवानगी घेतली आणि दोन टेम्पो भरून सगळं घरी आणलं. ती परवानगी त्यांनी फ्रेम करून देवघराशेजारी टांगली होती. काकू रोज देवांबरोबर तिचीही धूळ पुसायच्या आणि पुसताना काहीबाही बोलायच्या.

ह्या खोलीपायी दर रविवारी घरात माणसांची ये-जा. कशी कोण जाणे, पण बातमी पसरली होती की नाशिकरोडला एक म्हातारा आहे, त्याच्याकडे मळ्यावरच्या मजुरांची नावं सापडतात. मग कुणाकुणाची नातवंडं यायची. कुणी रिक्षा चालवणारं, कुणी कॉलेजात शिकवणारं, कुणी वणीच्या गडाखाली नारळ-प्रसादाचं दुकान टाकलेलं. आजोबांचं नाव सांगायचं, जमलं तर वाडी सांगायची, आणि काका वर जाऊन शोधायचे. दुसऱ्या कुणाला मस्टराला हात लावू द्यायचे नाहीत. सापडलं की पान उघडून पुढ्यात ठेवायचे आणि त्या महिन्याभराच्या खुणा वाचून दाखवायचे. आणि खरं सांगते, नुसत्या निळ्या-लाल खुणांवरून हा माणूस उभं चित्र करायचा. हा बघा, ह्याचा दर सोमवारी खाडा, म्हणजे बाजाराला जायचा आणि तिथून थेट घरी येत नसणार. ही बघा, श्रावणापर्यंत एक खाडा नाही आणि मग सलग दीड महिना लाल, म्हणजे बाळंत झाली. दीड महिन्याने परत हजर. "दीड महिना, बरं का," म्हणायचे, "आणि तुमच्या सुनांना सहा महिने पुरत नाहीत." हे ऐकून मी आतल्या आत चरफडायचे, पण त्यांचा सूर सुनांना नावं ठेवण्याचा नसायचा. त्या बाईचं कौतुक करण्याचा असायचा.

एकदा गंगापूर रोडकडचे एक बिल्डर आले. मोठी गाडी, गळ्यात चेन. त्यांचं म्हणणं, आमचे आजोबा मळ्यावर मुकादम होते, तसा काही कागद मिळाला तर ऑफिसात लावायचा आहे. काकांनी तासभर शोधलं. आजोबा सापडले. मुकादम नव्हते. बैलांच्या मोटेवर मजूर होते. बिल्डरसाहेबांचं तोंड उतरलं. काका त्यांना म्हणाले, "मुकादम व्हायला काय लागत होतं? साहेबाच्या मागं मागं हिंडायला लागत होतं. हा माणूस बघा. वर्षभरात दोन खाडे. दोन. तुमच्या कामावर आहे का असा एक तरी?" बिल्डर गाडीत बसून निघून गेले. दोन आठवड्यांनी बायकोपोरांना घेऊन परत आले आणि पोरांना ते पान दाखवून म्हणाले, हे तुमचे पणजोबा. त्या दिवशी काकांनी काकूंकडून शिरा करवून घेतला.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. सनदा सगळ्यांच्या घरी निघतात, म्हणायचे, हजेरी किती जणांच्या घरी निघते ते बघा. आणि दुसरं वाक्य, जे दिवसातून एकदा तरी ऐकू यायचं, ते म्हणजे, "छत्तीस वर्षांत माझ्या मस्टरात एक चूक नाही." पाहुण्यांना सांगायचे, गॅसवाल्याला सांगायचे. माझ्या नवऱ्याला तर इतक्या वेळा सांगितलं होतं की तो जिन्यात काका दिसले की स्वतःच म्हणायचा, "एक चूक नाही ना, काका?" आणि काका गंभीरपणे मान हलवायचे, की नाही.

आता माझ्या घरचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

माझे अण्णा इथल्या नोटांच्या प्रेसमधून रिटायर झालेले. आयुष्यभर त्यांनी सगळ्यांना सांगितलं की आमची देवळ्याला बागाईत शेती होती, पुढे भाऊबंदकीत गेली. कॉलनीत सांगितलं, प्रेसमध्ये सांगितलं, माझ्या लग्नाच्या बैठकीत तर विहिरीसकट सांगितलं. माझी एकुलती एक आत्या मळ्याच्या चाळीत एका खोलीत राहायची, ते तिचं सासर असणार अशी सगळ्यांची समजूत अण्णांनी करून दिलेली होती. ती समजूत मोडायला आत्या काही नाशिकला येत नव्हती. तिचं खरं सासर वणीजवळ. नवरा लवकर गेला, तिथे धड कुणी राहू देईना, म्हणून ती आईकडे परत आली होती. कांद्याच्या खळ्यांवर निवडायला जाऊन तिने दिवस काढले. आई गेल्यावर ती त्याच खोलीत राहिली.

आम्हाला हे सगळं कळलं ते नोटीस आल्यावर. मळ्याच्या चाळी पाडायच्या ठरल्या होत्या. जो मळ्याचा कायम मजूर होता त्याच्या वारसाला राहती जागा नावावर मिळणार, बाकीच्यांनी दोन महिन्यांत जागा सोडायची. अण्णा जेवणाच्या ताटावर बसून खाली बघत म्हणाले, "आई मजूर होती. आक्काची खोली म्हणजे आईची खोली." माझ्या आईनेसुद्धा, जिला पस्तीस वर्षांचा संसार करून हे माहीत असायला हवं होतं, हातातली पोळी तव्यावर तशीच ठेवली आणि ती करपली.

आत्याला जायला दुसरी जागा नव्हती, हे अगदी सरळ होतं. आमच्याकडे ती आली नसती. अण्णांनी तिला फोनवर एवढंच सांगितलं, की मी सगळं बघतो, कागद होतायत, तू काळजी करू नको. अर्ज त्यांनीच भरला. आजीचं नाव ठकूबाई सखाराम. पण तिच्या वाडीचे जुने कागद मळ्याच्या ऑफिसात उरलेच नव्हते. तिथल्या मॅडमनी सांगितलं, सुनावणीला येताना आईचं नाव असलेला मळ्याचा कुठलाही एक कागद आणा. कुठून आणायचा? आजीचा फोटोसुद्धा घरात नव्हता.

मी अण्णांना म्हटलं, कागद माझ्या उशाशी आहेत. शब्दशः. झोपते त्या भिंतीपलीकडच्या खोलीत.

काकांनी वाडीचं नाव विचारलं आणि ऐकून खूश झाले. ती त्यांची पहिली वाडी. विसाव्या वर्षी नोकरीला लागले तेव्हा तीन वर्षं तिथेच होते. म्हणाले, माझ्या हातची मस्टरं, दोन दिवसांत काढतो. दोन दिवसांचे पंधरा झाले. रोज संध्याकाळी मी ऑफिसातून आले की ते जिन्याच्या तोंडाशी यायचे आणि मान हलवायचे. शेवटी एका संध्याकाळी म्हणाले, तीन वर्षांची सगळी पानं दोनदा बघितली, पुढचीही चाळली. ठकूबाई सखाराम नाही.

"नाही म्हणजे?"

"म्हणजे ती त्या वाडीवर नव्हती."

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, नव्हती कशी? मग माझ्या बापाला उसाने वाढवलं का? तुमच्याकडून राहिलं असेल लिहायचं. हे मी बोलायला नको होतं, पण बोलून गेले. काकांनी खिशातली पेनं सारखी केली आणि म्हणाले, माझ्याकडून काही राहत नाही. मी म्हटलं, माणसांकडून राहतं काका. ते खाली निघून गेले. नंतर आठवडाभर आमचं बोलणं बंद. जिन्यात समोरासमोर आलो तर दोघंही भिंतीकडे बघायचो. सुनावणीला दहा दिवस उरलेले, आणि मी ह्या म्हाताऱ्याचा मनातल्या मनात उद्धार करत कामाला जायचे.

मग तो रविवार आला. अंगणवाडीच्या बाई कसल्याशा सर्वेक्षणाला आल्या होत्या. ओट्यावर बसून मोबाइलमध्ये माहिती भरत होत्या. काकू शेंगा निवडत उत्तरं देत होत्या, आणि मी दळण घेऊन आत येत होते. बाईंनी विचारलं, मालकांचं नाव? आता आमच्या काकूंनी साठ वर्षांत कधी नवऱ्याचं नाव घेतलेलं नाही. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. त्या म्हणाल्या, "आमच्या विजूचे वडील." बाई घाईत होत्या. त्यांनी मालकाच्या रकान्यात टाइप केलं, विजय, आणि मोबाइल पुढे करून विचारलं, बरोबर आहे का बघा.

काका खुर्चीतून उठून बघायला गेले आणि भडकले. म्हणाले, बाई, हे काय लिहिलंत, हा माझा मुलगा आहे, तुम्ही माझ्या बायकोचं मुलाशी लग्न लावलंत, साधं नाव लिहिता येत नाही तुम्हाला, शिकवतं कोण तुम्हाला, अशाने कुणाची बायको कुणाच्या...

तिथे ते थांबले. बोट मोबाइलवर तसंच. बाई बिचाऱ्या घाबरून त्यांच्याकडे बघत होत्या. काकूंना वाटलं, काही होतंय की काय, त्या शेंगांची परडी बाजूला सारून उठल्या. काका वळले आणि त्या वयात जिना भराभर चढून वर गेले. मी दळण तिथेच टाकून त्यांच्या मागे.

त्यांनी पहिल्याच वर्षाचं मस्टर काढलं. बोट नावांवरून खाली खाली नेलं आणि एका नावावर ठेवलं. ठकूबाई रामा. त्यांच्याच कोवळ्या, गोल गोल अक्षरात. मग पुढच्या महिन्याचं. ठकूबाई रामा. मळ्यावर दर महिन्याला नवं मस्टर यायचं आणि नावं मागच्या महिन्यावरून उतरवून काढायची, अशी रीत होती. तीन वर्षं त्यांनी उतरवली. त्यांची बदली झाल्यावर पुढच्या कारकुनाने उतरवली, मग त्याच्या पुढच्याने. अठ्ठावीस वर्षं ठकूबाई रामा, रोज निळी खूण, क्वचित लाल. दुसऱ्या वर्षाच्या पौषात एकदा सलग चार खाडे होते. बाळंतपणांचे लांब खाडे सोडले तर बाकी महिन्यात एक, तोही कधीमधी.

"वीस वर्षांचा होतो," काका म्हणाले. "लग्न झालेलं नव्हतं. नवऱ्याचं नाव विचारलं की बायका असं काही सांगतात, ते मला कुठं माहीत?" मी विचारलं, माझी आजी आठवते का तुम्हाला. त्यांनी खूप वेळ आठवून बघितलं आणि म्हणाले, नाही गं, दोनशे जण असायचे चिंचेखाली. मग मस्टर मांडीवर घेऊन तिथेच जमिनीवर बसून राहिले. मी खाली येऊन अण्णांना फोन केला आणि विचारलं, अण्णा, रामा कोण?

पलीकडे टीव्ही बंद झाल्याचं ऐकू आलं. मग अण्णा म्हणाले, "तुला कुणी सांगितलं?"

रामा त्यांचा थोरला भाऊ. चार वर्षांचा होऊन गोवराने गेला. तेव्हा आत्या पाळण्यात होती आणि अण्णांचा जन्मही झालेला नव्हता. आजोबांनी घरात सक्त ताकीद दिली होती, की गेलेल्या पोराचं नाव ह्या घरात काढायचं नाही. कुणी काढलं नाही. अण्णांना ते नाव कधी काळी एका म्हाताऱ्या शेजारणीकडून कळलं होतं, तेवढंच. आजी मजुरीला लागली तेव्हा तो तिच्या कडेवर असणार, आणि ते पौषातले चार लाल खाडे कसले ते आता सांगायची गरज नाही.

सुनावणीच्या दिवशी आम्ही तिघं गेलो. अण्णा, काका आणि मी. मस्टर काकांच्या मांडीवर, नव्या फडक्यात बांधून. ऑफिसबाहेर खूप गर्दी होती आणि त्या गर्दीत अण्णांच्या प्रेसमधले एक जुने सहकारी, तेही आपल्या सासऱ्यांच्या खोलीसाठी आलेले. अण्णांना बघून म्हणाले, अरे, तू इथं कसा? अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता काहीतरी थाप मारतील. ते म्हणाले, "माझी आई इथं मजूर होती. उसात निंदायची. अठ्ठावीस वर्षं." मग जरा थांबून, मोठ्याने, जणू त्या माणसाला ऐकू आलं नाही असं, पुन्हा म्हणाले, "शेतमजूर होती." मला बापाचा इतका अभिमान माझ्या लग्नातसुद्धा वाटला नव्हता, विहीर असूनही.

मॅडम तरुण होत्या, चांगल्या होत्या. मस्टर बघून म्हणाल्या, पण ही तर दुसरी बाई दिसते, हिच्या नवऱ्याचं नाव रामा आहे. काका उठून उभे राहिले. त्यांनी सांगितलं, हे अक्षर माझं आहे. हे नाव मी लिहिलं आणि ते चुकीचं लिहिलं. बाईने मुलाचं नाव सांगितलं, मी ते नवऱ्याचं समजलो. मॅडमना त्या वयाच्या माणसाचा संकोच वाटला. त्या म्हणाल्या, आजोबा, आपण नजरचूक असं लिहू.

"नजर चांगली होती माझी," काका म्हणाले. "अक्कल नव्हती. चूक लिहा. माझी चूक, असं लिहा."

मॅडमनी मग विचारलं, मस्टरातही दुरुस्त करता का, म्हणजे प्रश्नच मिटेल. काकांनी निळं पेन काढलं, टोपण उघडलं आणि रामावर आडवी रेघ मारायला हात पुढे केला. अण्णांनी पानावर पंजा ठेवला. म्हणाले, रेघ मारू नका. ह्या पोराचं नाव दुसरीकडे कुठंच लिहिलेलं नाही. जन्माचं नाही, मरणाचं नाही. एवढं एकच आहे.

काकांनी टोपण लावलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी चूक दिसत असून तिच्यावर रेघ मारली नाही. वेगळा कागद मागून घेतला आणि त्यावर अर्धा तास लावून, एकही खाडाखोड न करता, सगळं लिहून दिलं. खाली सही, आणि सहीखाली, हजेरी कारकून. मॅडमनी तो कागद दोनदा वाचला, अर्जाला लावला आणि मंजूर असा शेरा मारला.

तिथून चाळ पायी दहा मिनिटांवर. आत्याने आम्हाला बघून आधी अण्णांना झापलं, की न कळवता येतात होय, घरात दूध नाय. मग शेजारून दूध आणून चहा टाकला. खोली तिची झाल्याचं अण्णांनी सांगितलं, तेव्हा ती चुलीकडे तोंड करून बराच वेळ चहा ढवळत राहिली. मग अण्णांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं. नाव सापडत नव्हतं, काकांनी किती शोधलं, ते रामा म्हणून कसं लिहिलेलं होतं, आणि ते लिहिणारे कारकून म्हणजे हेच.

आत्याने काकांकडे नीट बघितलं. म्हणाली, "एवढ्यासाठी घोर लावून घेतला व्हय? मायला माहीत व्हतं की ते. सगळ्या चाळीला माहीत व्हतं."

"मग तू सांगितलं का नाहीस मला?" अण्णा म्हणाले.

"तू इचारलं कधी, भाऊ? तू म्हणला, मी बघतो."

आत्याने कप पुढे ठेवले आणि काकांसमोर खाली बसली. तिने सांगितलं की बायका मायला म्हणायच्या, त्या पोरसवदा कारकुनाला सांग, तो नीट करील. माय म्हणायची, राहू द्या. घरात बा नाव काढू देत नव्हता. रामा गेला त्यानंतर पाचव्या दिवशी माय कामाला गेली आणि कारकुनाने पुकारलं, ठकूबाई रामा. तेव्हापासून मरणाच्या थंडीतही ती सगळ्यांच्या आधी चिंचेखाली जाऊन उभी राहायची. अंगात ताप असला तरी जायची. माझ्या लेकराला हाक मारतात तिथं, म्हणायची, दिवसातून एकदा तरी कुणी मारतं.

काकांचा चहा तसाच होता. त्यांनी डोळे मिटलेले होते आणि मला वाटलं, त्यांना बरं वाटत नाही. मग ते हळूच म्हणाले, "एक बाई होती. पुढच्या रांगेत. तिचं नाव दोनदा पुकारावं लागायचं. पहिल्यांदा ओ द्यायचीच नाही. मी रागवायचो तिला, रोज. मला वाटायचं, हिला ऐकू कमी येतं."

आत्याने पदराने तोंड पुसलं.

"कान लय तिखट व्हते मायचे," ती म्हणाली. "शेवटपर्यंत."